घडीत हरवलेला झरा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. माझ्या अंगावर एक डोंगर आहे, दोन रस्ते आहेत, एक खिंड आहे आणि पोटाच्या बरोबर मध्यावर एक भोक आहे. भोक बोटाच्या पेराएवढे. आता त्याला मागून पांढऱ्या कापडाचे ठिगळ लावले आहे. नव्या माणसाची नजर आधी त्या ठिगळावर जाते, मग डोंगरावर. पूर्वी मला याचा फार राग येत असे. आता येत नाही, कारण माझी सगळी कहाणी त्या ठिगळाभोवतीची आहे.

माझा जन्म छापखान्यात झाला. तुम्हाला वाटत असेल, कागद यंत्रात घातला आणि नकाशा बाहेर आला. तसे नसते. मी चार वेळा यंत्राखालून गेलो आहे. पहिल्यांदा काळा रंग आला आणि त्याने मला रस्ते व अक्षरे दिली. निळ्याने पाणी दिले, हिरव्याने जंगल दिले. सर्वांत शेवटी तपकिरी आला आणि त्याने डोंगर दिला. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या बारीक रेषा तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात पाहिल्या असतील. त्या जवळ आल्या की चढ उभा आणि लांब गेल्या की चढ सोपा. माझ्या अंगावर त्या काही ठिकाणी इतक्या दाटीने बसल्या आहेत की मध्ये टाचणी टोचायला जागा नाही. छपाई करणाऱ्या माणसाने मला उजेडात धरले आणि म्हटले, "हा डोंगर काही सोपा दिसत नाही." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. डोंगराचा मोठेपणा मी आपल्या नावावर जमा करून घेतला आणि उगाच फुगलो.

त्या डोंगराला सात माथे आहेत. एकामागून एक, करवतीच्या दातांसारखे. त्यांच्यावरून जाणारी जी अरुंद वाट, तिला सगळे नुसते 'धार' म्हणतात. धारेच्या एका टोकाला खिंड आहे आणि दुसऱ्या टोकाला पलीकडचा रस्ता. तिसऱ्या आणि चौथ्या माथ्याच्या मध्ये जी खोलगट जागा आहे, तिथे निळ्या रंगाने मला एक ठिपका दिला होता. तो झरा. साऱ्या धारेवर पाणी तेवढेच.

छापखान्यातून मी एका वह्यापुस्तकांच्या दुकानात गेलो. तिथे दोन वर्षे मी जगाच्या नकाशांशेजारी उभा होतो. जगाचे नकाशे पटापट विकले जात. मला कोणी हात लावत नसे. साऱ्या जगाला भाव आणि एका डोंगराला नाही, हे मला तेव्हा काही केल्या समजत नव्हते.

मग एके दिवशी एक बारीकसा माणूस आला. त्याने मला काउंटरवर पसरले, खिशातून भिंग काढून डोळ्याला लावले आणि तो खिंडीपासून निघाला. अगदी हळू, एकेक रेषा ओलांडत. मागे गिऱ्हाईक खोळंबले तरी त्याला पत्ता नव्हता. सातव्या माथ्यावरून उतरूनच त्याने मान वर केली. तो घड्याळजी होता. त्याच्या दुकानाच्या पायरीवरून ही धार दिसत असे, आणि वीस वर्षे ती पाहून पाहून त्याच्या मनाने घेतले होते की एका दिवसात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची.

त्याचे घर म्हणजे खाली एक खोली आणि वर दीड. खालची खोली हेच दुकान, आणि तिचे दोन भाग होते. खिडकीच्या डाव्या बाजूला घड्याळजींचे टेबल, त्यावर चिमटे, बारीक पेचकस आणि पोट उघडे टाकलेली घड्याळे. उजव्या बाजूला त्यांच्या बायकोचे शिलाई मशीन. मी त्यांना बाईच म्हणेन, कारण कपडे शिवून घ्यायला येणारी सगळी गिऱ्हाइके त्यांना तसेच म्हणत. या दोघांना एक मुलगी होती. ती पाळण्यात असल्यापासून एक मिनिट गप्प बसत नसे, म्हणून बापाने तिचे नाव टिकटिक ठेवले आणि ते तिला चिकटले ते चिकटलेच.

दर रविवारी दुकान बंद असे. जेवणे आटोपली की मला मशीनच्या फळीवर पसरत आणि दोघे दोन बाजूंनी माझ्यावर वाकत. मित्रांनो, त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या. डोंगराची वाट वाकडीतिकडी असते, ती पट्टीने मोजता येत नाही. म्हणून बाईंनी आपल्या रिळातला पांढरा दोरा काढून दिला. घड्याळजींनी तो खिंडीवर टाचणीने अडकवला आणि धारेच्या प्रत्येक वळणाला बोटाने दाबत दाबत शेवटपर्यंत नेला. प्रत्येक माथ्याला त्यांनी दोऱ्याला एक गाठ मारली. मग दोरा सरळ करून मोजला. दोन वीत आणि वर चार बोटे भरला. म्हणजे चोवीस किलोमीटर. चार किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाला वर आणखी एक तास, असा त्यांनी हिशेब धरला, आणि माझ्या समासात बारीक अक्षरात वेळा लिहिल्या. पहिला माथा आठ. दुसरा नऊ पाच. तिसरा दहा दहा. असे करत पलीकडच्या रस्त्यावर साडेचार.

दिवस दोन्ही बाजूंनी बांधलेला होता. सकाळची पहिली बस खिंडीत सातला पोचवत असे आणि पलीकडच्या रस्त्यावरून शेवटची बस पाचला निघत असे. धारेवर मुक्काम करायला मनाई होती. जे काही चालायचे ते या दहा तासांत.

"साडेचारला उतरतो. बस पाचला. अर्धा तास हातात राहतो," घड्याळजी पेन्सिल कानावर ठेवत म्हणाले.

 बाईंनी शिवणकामाचा निळा खडू घेतला आणि प्रत्येक वेळेपुढे एक छोटी निळी रेघ ओढली.

"हे काय?"

"पाव तास. प्रत्येक टप्प्याला."

"कशासाठी?"

"कपडा अगदी मापात शिवला, तर माणूस पहिल्यांदा वाकला की उसवतो. थोडं कापड आत सोडावं लागतं. पाय दुखेल, वाट चुकेल, नुसतं बसावंसं वाटेल. सोडा पाव तास."

"अगं, आठ टप्पे. म्हणजे दोन तास. साडेसहाला उतरायचं आणि बस काय तुझा भाऊ थांबवणार?"

"माझा भाऊ बस थांबवणार नाही, आणि तुमचं घड्याळ तुम्हाला पाठीवर घेऊन उतरवणार नाही."

झाले. इथे घोडे अडले ते अडलेच. एक जण आयुष्यभर सेकंदांत वावरलेला, दुसरीला प्रत्येक शिवणीत दोन बोटे कापड सोडायची सवय. दोघेही आपल्या जागी बरोबर होते. घड्याळजींच्या वेळांनी धार एका दिवसात बसत होती. बाईंच्या वेळांनी बसत नव्हती. शेवटी घड्याळजी म्हणत, "बघू, पुढच्या रविवारी परत मांडू," आणि माझी घडी होत असे.

असे किती रविवार गेले? अकरा वर्षांचे. कधी घड्याळजी टप्पे बदलून पाहत, कधी विश्रांती कापत. एकदा तर त्यांनी पाणी भरायला लागणारी मिनिटेही बाईंना बाटली भरायला लावून मोजली. बाईंनी मुद्दाम हळू भरली. थंडीचे पहिले दिवस आले की दोघांना जोर चढे आणि उन्हे तापू लागली की बेत बारगळे. एका गोष्टीवर मात्र दोघांचे पहिल्या दिवसापासून एकमत होते, आणि ती घड्याळजींनी समासात ठळक लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. 'बारापर्यंत चौथा माथा गाठला तर पुढे. नाहीतर जिथे असू तिथून मागे.' अर्ध्यावरून परतले तर खिंडीतून सव्वापाचची बस मिळत होती. समासात सगळे काही होते. किती पाणी, किती मोजे, कोणी काय उचलायचे. फक्त तारीख नव्हती.

आणि मी? मला वाटे, मी डोंगराचा जाणकार. हा चढ असा, तो उतार तसा, सगळे मला पाठ. खरे सांगायचे तर मी डोंगर कधी पाहिलाच नव्हता. माझे तोंड नेहमी छताकडे. उंटावरून शेळ्या हाकणारा माझ्यासारखा दुसरा सापडणार नाही.

एवढ्या वर्षांत माझी घडी दर वेळी त्याच जागी पडत होती. उभी घडी आणि आडवी घडी जिथे भेटतात तिथला कागद आधी पांढरा पडला, मग मऊ झाला. ती जागा म्हणजे नेमका झरा. घड्याळजींच्या ते लक्षात आले होते. एका रविवारी ते बाईंना म्हणाले, "जरा वीतभर लाल दोरा दे." त्याचे त्यांनी काय केले ते बाईंनी विचारले नाही, कारण दारात गिऱ्हाईक आले होते.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी घड्याळजी भिंग डोळ्याला लावून बसले होते, ते तसेच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. बाई मशीनवर होत्या. त्यांनी काहीतरी विचारले आणि उत्तर आले नाही, एवढेच.

मित्रांनो, पुढची तीन वर्षे मी मशीनच्या खणात काढली. वर बटणांचा डबा, खाली जुने मापाचे कागद, बाजूला बॉबिनी. दोरा माझ्या घडीत गुंडाळून ठेवलेला होता. डाव्या बाजूचे टेबल रिकामे झाले, घड्याळे आपापल्या घरी गेली. खोलीत फक्त मशीनचा आवाज उरला, आणि तो थांबला की काहीच नाही. खण दिवसातून दहादा उघडे. हात यायचा, बटण घ्यायचा, जायचा. माझ्या कडेला बोट लागले की ते जरा थबके आणि मागे फिरे. मला वाटायचे, आता मला बाहेर काढतील. त्या काढत नसत. रविवारची दुपार तर मला सोसवत नसे, कारण त्या दिवशी खण उघडतच नसे. कसरीने माझा एक कोपरा खाल्ला. पोटातला मऊ कागद गळून पडला आणि झरा कुठे गेला ते मलाच कळले नाही.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी टिकटिक आईला न्यायला आली. ती दूरच्या शहरात रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करत होती. आईने आता एकटीने राहू नये, खोली सोडावी आणि आपल्याकडे यावे, असे तिचे म्हणणे होते, आणि बाई हो म्हणाल्या होत्या. सामान बांधायला सुरुवात झाली. माळ्यावरचे उतरवताना टिकटिकचा पाय शिडीवरून घसरून मुरगळला, म्हणून तिला बसून करायची कामे मिळाली. तिने मशीनचा खण मांडीवर घेतला आणि उपसायला लागली. बटणे एका पिशवीत, बॉबिनी दुसऱ्या. मी रद्दीच्या ढिगावर. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर मी पडलो तेव्हा मला वाटले, आटोपला खेळ.

"ते राहू दे," बाई म्हणाल्या.

"आई, मध्यभागी भोक पडलंय. आता फोनवर सगळे नकाशे असतात."

"राहू दे म्हटलं ना."

बाईंनी मला उचलले आणि मशीनच्या फळीवर पसरले. त्यांचा तळवा माझ्यावरून फिरला आणि भोकापाशी थांबला. मग त्या टिकटिककडे न बघता म्हणाल्या, "मी पाव तास, पाव तास करत बसले. त्यात त्यांचा डोंगर राहिला."

टिकटिकने मांडीवरचा खण खाली ठेवला.

"परवा रविवार आहे," बाई म्हणाल्या. "सोमवारी आपण निघणार. मी रविवारी जाऊन येते."

"कुठे?"

"धारेवर."

यावर जे काही झाले ते सगळे सांगत नाही. तुझे वय अठ्ठावन्न, माझा पाय हा असा, वर कोणी माणूस भेटणार नाही, दुरून डोंगर साजरे ते दुरूनच बघ, असे टिकटिकने पुष्कळ सांगून पाहिले. बाई शिवताना असत तशा शांत होत्या. शेवटी टिकटिक म्हणाली, "बरं, पाणी? वर पाणी कुठे आहे? फोनवर धार दिसते, पाणी दिसत नाही. आणि तुझ्या नकाशातही पाणी नाही, मध्ये नुसतं भोक आहे."

 पाणी एका ठिकाणी आहे एवढेच बाईंना आठवत होते. नेमके कुठे, ते घड्याळजींच्या डोक्यात होते. त्यांनी माझ्या घडीतून पडलेला पांढरा दोरा उचलला आणि बोटांना चाळा म्हणून उलगडला. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. तिसऱ्या गाठीच्या पुढे पांढऱ्या दोऱ्याला लाल दोऱ्याचे बारीक वेढे घट्ट बसवलेले होते. घड्याळाच्या चाकाला बसतील इतके नीट. बाईंनी दोऱ्याचे टोक खिंडीवर टाचणीने टोचले आणि धारेच्या वळणांना दाबत पुढे नेले. पहिली गाठ पहिल्या माथ्यावर बसली. दुसरी दुसऱ्यावर. तिसरी तिसऱ्यावर. आणि लाल वेढे बरोबर माझ्या भोकावर येऊन थांबले.

"वीतभर लाल दोरा," बाई हळूच म्हणाल्या. "मी विचारलंसुद्धा नाही कशाला."

टिकटिक लंगडत उठून त्यांच्याजवळ आली.  मग टिकटिकने समासातल्या दोन रेघांवर बोट ठेवले. "हे पाळणार असशील तर जा. बारा म्हणजे बारा."

"त्यांचं घड्याळ नेते," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन्सिलीला टोक काढले आणि माझ्या समासात, सगळ्या वेळांच्या वर, रविवारची तारीख लिहिली. चौदा वर्षांत माझ्यावर लिहिलेली ती पहिली तारीख. त्याच संध्याकाळी त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकची एक पिशवी शिवली, तिला नाडी लावली आणि मला आत ठेवले. तीन लिटर पाणी बरोबर घेतले. झरा सापडला तरी पाणी घेतलेच, हे मी मुद्दाम सांगतो.

रविवारी सकाळी मी बाईंच्या गळ्यात होतो. बसमध्ये त्या एकट्याच उतारू उरल्या तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाई, एकट्याच? वर कोणी भेटणार आहे का?"

"नाही. सव्वापाचला मला परत घ्या."

"आणि नाही आलात तर?"

"येईन."

खिंडीत बस वळली, धूर सोडून निघून गेली, आणि आम्ही दोघेच उरलो. आणि मग मित्रांनो, मी डोंगर पाहिला. काय सांगू? माझ्या अंगावर ज्या रेषा मी मिरवत होतो, त्यांचा अर्थ मला त्या दिवशी कळला. दाट रेषा म्हणजे बाईंच्या गुडघ्यांतून येणारा आवाज. दाट रेषा म्हणजे हात टेकून चढायची घसरडी मुरमाड वाट, दर वीस पावलांना थांबणे आणि खाली न बघणे. माझ्यावर वारा छापलेला नाही. तिथे वाऱ्याखेरीज दुसरे काही नव्हते. दोन्ही बाजूंना दऱ्या, मध्ये हातभर वाट आणि त्या वाटेवर एक बाई. मी तिच्या छातीवर आपटत होतो आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

पहिल्या माथ्यावर बाईंनी मनगटावरचे मोठे पुरुषी घड्याळ पाहिले. सव्वाआठ. त्यांनी समासातली निळी रेघ पाहिली आणि त्या पुढे निघाल्या. दुसऱ्या माथ्यावर नऊ पस्तीस. पुन्हा निळी रेघ. तिसऱ्याच्या आधी त्या एका दगडावर बसल्या आणि त्यांना उठवेना. मला वाटले, आता इथूनच परत फिरतील. मग त्या उठल्या. तिसरा माथा, दहा पंचावन्न. एकूण एक निळी रेघ खरी ठरत होती.

"बघा," बाई चालता चालता मोठ्याने म्हणाल्या, "मी म्हणत होते ना." ऐकायला मी आणि वारा. त्या भांडण जिंकल्या होत्या, आणि हरायला समोर कोणी नव्हते.

तिसऱ्या माथ्यावरून वाट खोलगट जागेत उतरली. तिथे वारा अचानक थांबला. खडकाच्या पोटाला ओली काळी चीर होती. तिच्यातून पाणी थेंबाथेंबाने टपकत होते आणि खाली दगडात ओंजळभर खळगा भरलेला होता. त्यापलीकडे काही नाही. माझ्या पोटातून गळून पडलेली जागा ती हीच. मी तिच्यासमोर लोंबत होतो आणि ती मला जशीच्या तशी सापडली.

बारा वाजायला पाच मिनिटे होती. समोर चौथा माथा उभा होता, अर्ध्या तासाचा चढ. बाईंनी त्याच्याकडे पाहिले. घड्याळाकडे पाहिले. मला वाटले, जातील. कोण बघतेय? पण त्या दगडावर बसल्या, खळग्यातले पाणी ओंजळीने प्याल्या आणि मला मांडीवर घेतले. ठळक अक्षरे त्यांनी अशी वाचली की जणू पहिल्यांदाच वाचत आहेत. नाहीतर जिथे असू तिथून मागे.

मग त्या रडू लागल्या. तोंड न झाकता, मोकळ्याने. गेल्या तीन वर्षांत त्या अशा रडलेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

"अहो, हे तुम्हीच लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "इथपर्यंत तर आपण कुठल्याही रविवारी आलो असतो. पाणी प्यालो असतो आणि मागे फिरलो असतो. साडेसहा का साडेचार यावर अकरा वर्षं भांडलो, आणि मागे फिरायचं तर दोघांनाही मान्य होतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, मित्रांनो. ती ओळ माझ्याच अंगावर होती. दर रविवारी दोघे तिच्यावरून हात फिरवत होते. अर्धी धार चालणे म्हणजेही धारेवर जाणे, हे त्या दोघा हुशार माणसांना सुचले नाही आणि मी सांगू शकलो नाही. नकाशाला तोंड नसते, याचे मला त्या दिवशी वाटले तेवढे दुःख कधी वाटलेले नाही.

बरोबर बाराला बाई उठल्या. बाटली झऱ्याखाली धरली. थेंब थेंब पाण्याने ती भरायला बराच वेळ लागला, पण या वेळी त्या मुद्दाम उशीर करत नव्हत्या. मग मागे फिरल्या.

सव्वापाचला खिंडीत बस उभी होती. बाई शेवटच्या वळणावर दिसल्या तेव्हा पाच वाजून सतरा मिनिटे झाली होती, आणि कंडक्टर रस्त्यात उतरून डोंगराकडे बघत होता.

"झाली का पुरी?" त्याने त्यांना हात देत विचारले.

"नाही. अर्धीही नाही."

"अरेरे. मग एवढी पायपीट?"

"झरा सापडला," बाई म्हणाल्या आणि खिडकीशी बसून लगेच झोपी गेल्या.

त्याला आता वर्ष होईल. मी दूरच्या शहरात, टिकटिकच्या घरी, बाईंच्या मशीनसमोरच्या भिंतीवर आहे. इथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. इथे बाईंना बाई म्हणणारे कोणी नाही, कारण गिऱ्हाइके अजून जमलेली नाहीत. टिकटिक सकाळी जाते ती संध्याकाळी येते. मधला सगळा दिवस आम्ही दोघे एकमेकांकडे बघतो. इथे आल्या आल्या त्यांनी पहिले काम केले ते माझे. भोकाला मागून ठिगळ लावले. त्यावर निळ्या दोऱ्याने बारीकसा ठिपका भरला. मग पांढरा दोरा सुईत ओवला आणि खिंडीपासून माझ्या अंगावर शिवत निघाल्या. बारीक टाके, एकेक माथा. झऱ्यापाशी येऊन थांबल्या. जेवढे चालल्या तेवढेच शिवले. पुढचा दोरा कापला नाही. चार गाठींसह तो माझ्यावरून खाली लोंबतो आहे, आणि टोकाला सुई तशीच आहे. संध्याकाळी मशीनवर कापड घालण्याआधी बाई त्या दोऱ्याला बोट लावतात. सुईवर थोडा गंज धरला आहे.

मागच्या मंगळवारी टिकटिक कामावरून आली आणि बूटही न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, पलीकडच्या रस्त्याकडून चढलं तर? सातवा माथा, सहावा, पाचवा. तिकडची पहिली बस किती वाजता पोचते?"

"साडेसातला."

"मग पाचवा माथा," टिकटिकने लोंबता दोरा हातात धरून गाठी मोजल्या, "साडेअकराला येतो. बरोबर साडेअकरा."

बाईंनी खडू उचलला. मला वाटले, झाले. आता पाव तास येणार, मग दोन तास येणार, मग माझी घडी होणार. खडू माझ्यापर्यंत आला आणि थांबला. बाई लेकीकडे बघत होत्या. हुबेहूब बापासारखी पेन्सिल तिने कानावर ठेवली होती.

"पाव तास मी सोडणारच," बाई म्हणाल्या. "तू भांड हवं तर. पण आधी तारीख लिही."

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल तर त्याची घडी दर वेळी एकाच जागी घालू नका, कागद तिथेच मरतो. ओल्या हाताने धरू नका, बटणांच्या डब्याखाली ठेवू नका. आणि खणात एखादा बेत मांडून ठेवला असेल, तर तो पुरा बसेपर्यंत थांबू नका. बरोबर चालणारे माणूस शेजारच्या खुर्चीत बसलेले आहे तोवर उठा, आणि झऱ्यापर्यंत तरी जाऊन या.

टिकटिकने तारीख लिहिली आहे. काल बाईंनी सुई काढली, गंज घासला आणि दोरा पुन्हा ओवला.